वाढदिवसाचा घरचा केक नेमका का फसतो? खड्डा, भेग आणि लाल रंगामागचं विज्ञान

वाढदिवसाला या वेळी केक घरीच करायचा असं ठरतं. मोबाईलवर रेसिपी उघडलेली असते, सामान आणलेलं असतं, मुलं चार वेळा स्वयंपाकघरात डोकावून गेलेली असतात. आणि झाकण उघडल्यावर दिसतो तो मधोमध खड्डा पडलेला, एका बाजूनं फुटलेला किंवा विटेसारखा घट्ट झालेला केक. पाहुणे सहा वाजता येणार असतात. अशा वेळी बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं: "माझ्या हाताला केक येतच नाही."

गंमत म्हणजे हे वाक्य म्हणणारी व्यक्ती अनेकदा स्वयंपाकात तरबेज असते. तिची पुरणपोळी फुटत नाही, लाडवाचा पाक चुकत नाही, पन्नास माणसांच्या मसालेभाताला मीठ अंदाजानं बरोबर पडतं. मग केकच का फसतो?

याचं उत्तर हाताच्या गुणात नाही. केक हा आपल्या नेहमीच्या स्वयंपाकापेक्षा वेगळ्या नियमांनी चालणारा पदार्थ आहे. आणि चांगली गोष्ट अशी, की फसलेला केक कुठे चुकलं ते स्वतःच सांगतो. खड्डा, भेग, रंग आणि वास या त्याच्या खुणा असतात. त्या वाचता आल्या तर पुढचा केक सुधारतो.

आमटी सुधारता येते, केक का नाही?

आपला रोजचा स्वयंपाक चव घेत घेत पुढे जातो. आमटी पातळ झाली तर उकळून आटवता येते, खारट झाली तर बटाटा किंवा पाणी घालता येतं, भाजी शिजली नाही तर झाकण ठेवून आणखी पाच मिनिटं वाफ देता येते. अंदाज चुकला तरी वाटेत दुरुस्तीची सोय असते. "अंदाजानं घाल" हे आपल्याकडचं माप चालतं ते यामुळेच.

केकमध्ये सगळे निर्णय भांडं आत ठेवण्याआधी झालेले असतात. त्यानंतर आत जे घडतं ते ठरलेल्या क्रमानं घडतं. आधी लोणी किंवा तूप वितळतं. मिश्रणातल्या हवेचे आणि वायूचे बारीक बुडबुडे उष्णतेनं फुगतात, सोडा किंवा बेकिंग पावडरमधून आणखी कार्बन डायऑक्साइड निघतो, पाण्याची वाफ होते आणि केक वर येतो. त्याच वेळी अंड्यातली प्रथिनं घट्ट होऊ लागतात आणि मैद्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो. बुडबुड्यांभोवतीच्या या भिंती पक्क्या झाल्या की केक उभा राहतो. आतलं तापमान साधारण ९५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की तो तयार होतो.

म्हणजे केकमध्ये दोन गोष्टींची शर्यत असते. एकीकडे फुगणं, दुसरीकडे घट्ट होणं. दोन्ही वेळेवर झाल्या तर केक हलका होतो. फुगणं आधी झालं आणि भिंती कच्च्या राहिल्या तर तो बसतो. भिंती आधी पक्क्या झाल्या तर आतला वायू वाट काढायला वरचं आवरण फोडतो. घरच्या केकचे बहुतेक घोटाळे या शर्यतीतूनच होतात.

रेसिपी एका स्वयंपाकघराची, केक दुसऱ्या स्वयंपाकघरात

ओव्हन नसताना केकसारखा पदार्थ भाजणं महाराष्ट्र आणि गोव्याला नवीन नाही. कोकणात काकडी, गूळ आणि तांदळाच्या रव्याची तवसळी, म्हणजेच धोंडस, पातेल्यात करतात. पूर्वी पातेलं निखाऱ्यांवर ठेवून झाकणावरही निखारे ठेवले जात. गोव्यात रवा आणि नारळाचं बाथ किंवा थरांची बेबिंका करतानाही वरून धग देण्याची हीच पद्धत होती. दोन्हीकडून उष्णता मिळाली तरच पदार्थ आतपर्यंत शिजतो आणि वरून रंग धरतो, हे त्या स्वयंपाकघरांना नीट ठाऊक होतं.

शहरांत पुढे नानकटाईचे ट्रे जवळच्या बेकरीच्या भट्टीत भाजून आणण्याची पद्धत आली. मग झाकणाला काच असलेला ॲल्युमिनियमचा गोल इलेक्ट्रिक ओव्हन आला आणि ज्यांच्याकडे तोही नव्हता त्यांनी प्रेशर कुकरमध्ये वाळू किंवा मीठ पसरून केक भाजला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बेकऱ्या बंद असताना ही कुकरची युक्ती पुन्हा घराघरांत पोहोचली आणि बिस्किटांचा चुरा, दूध आणि इनो यांच्या केकनं अनेकांचे वाढदिवस साजरे झाले.

अडचण अशी, की आज मोबाईलवर दिसणारी रेसिपी बहुतेक वेळा वेगळ्या स्वयंपाकघरात लिहिलेली असते. तिथला ओव्हन १८० अंशांवर स्थिर राहतो, खोली थंड असते, कप ठरावीक मापाचा असतो, मैदा वेगळ्या प्रकारचा असतो. आपल्या घरी गॅसची आच डोळ्यांनी ठरवली जाते आणि कप म्हणजे हाताशी असलेली वाटी असते. रेसिपी बरोबर असूनही केक फसतो तो बऱ्याचदा या फरकामुळे.

मधोमध खड्डा पडला, तर

हा सगळ्यात जास्त दिसणारा घोटाळा. केक मस्त फुगलेला दिसतो आणि बाहेर काढताच मध्यभागी खाली बसतो.

पहिलं कारण म्हणजे केक आतून कच्चा असणं. मध्यभागाला उष्णता सगळ्यात शेवटी पोहोचते. तिथल्या भिंती पक्क्या होण्याआधी केक बाहेर काढला की गार होताना वायू आकसतो आणि छप्पर खाली येतं. सारखं झाकण उघडून पाहिल्यानंही हेच होतं. आतली गरम हवा निघून जाते आणि अर्धवट उभ्या केकला थंडी लागते. ठरलेल्या वेळेचा निदान दोन तृतीयांश भाग होईपर्यंत झाकण उघडू नये.

दुसरं कारण जास्त बेकिंग पावडर किंवा सोडा. "जास्त घातली की जास्त फुगेल" हा हिशेब केकला लागू पडत नाही. वायू खूप झाला की बुडबुडे मोठे होतात, एकमेकांत मिसळतात आणि भिंतींना ते वजन पेलत नाही.

तिसरं कारण साखर. साखर फक्त गोडीसाठी नसते. ती पाणी स्वतःकडे ओढते, त्यामुळे स्टार्च घट्ट व्हायला जास्त तापमान लागतं. मापापेक्षा मूठभर साखर जास्त पडली की घट्ट होणं लांबतं आणि केक बसतो. कंडेन्स्ड मिल्कच्या बिनअंड्याच्या केकमध्ये ही चूक सहज होते. डब्यातलं दूध आधीच गोड आहे हे विसरून वरून साखर घातली जाते.

चौथं कारण भांड्याचा आकार. एक किलोचा केक हवा म्हणून साहित्य दुप्पट केलं जातं आणि भांडं तेच राहतं. मग कडा करपतात आणि मध्य कच्चा राहतो. ८ इंची गोल भांड्याचं क्षेत्रफळ ६ इंची भांड्याच्या जवळपास पावणेदोन पट असतं, दोनच इंचांचा फरक आहे असं वाटलं तरी. मिश्रण भांड्याच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंतच भरावं.

उंचीचाही परिणाम होतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी असल्यानं वायू जास्त पसरतो, केक लवकर फुगतो आणि लवकर बसतो. अशा ठिकाणी बेकिंग पावडर थोडी कमी घालणं हा एक उपाय असतो.

डोंगर झाला आणि भेग पडली, तर

वरचा भाग डोंगरासारखा वर येऊन फाटला असेल तर आच जास्त होती असं समजावं. बाहेरचा थर लवकर घट्ट झाला, आतलं मिश्रण मात्र अजून फुगतच होतं. त्याला जागा मिळाली नाही म्हणून त्यानं वरचं कवच फोडलं. उपाय सोपा आहे. आच कमी आणि वेळ जास्त.

एकाच बाजूनं फुगलेला केक वेगळी गोष्ट सांगतो. भांडं तिरकं होतं किंवा एका बाजूला उष्णता जास्त होती. गॅसवर मोठी कढई लहान बर्नरवर ठेवली की हे हमखास होतं.

कुकर किंवा कढईतला केक वरून पांढुरका राहतो, तो मात्र फसलेला नसतो. तपकिरी रंग येण्यासाठी पृष्ठभाग १४० अंशांच्या पुढे जावा लागतो आणि तो कोरडा असावा लागतो. झाकणाखालच्या बाष्पात आणि फक्त खालून मिळणाऱ्या उष्णतेत ते जमत नाही. तवसळीच्या झाकणावरचे निखारे हेच काम करत. सुई कोरडी निघत असेल तर रंगासाठी केक आणखी भाजत ठेवू नये, तो फक्त कोरडा पडतो. रंगाची उणीव आयसिंग भरून काढतं.

मायक्रोवेव्हबाबतही इथेच गोंधळ होतो. साध्या मायक्रोवेव्ह मोडवर केक काही मिनिटांत शिजतो, पण त्याला रंग येत नाही आणि गार झाल्यावर तो चिवट होतो. ओव्हनसारखा केक हवा असेल तर कन्व्हेक्शन मोड लागतो. धातूचं भांडं फक्त कन्व्हेक्शनलाच चालतं. साध्या मायक्रोवेव्ह मोडवर त्यातून ठिणग्या उडू शकतात.

वीट किंवा रबर झाला, तर

मैद्यात पाणी पडलं आणि तो मळला किंवा घोटला गेला की त्यात ग्लुटेनचं जाळं तयार होतं. पुरणपोळीच्या कणकेला ते हवं असतं, म्हणून आपण ती तिंबतो. केकला ते नको असतं. केकचं मिश्रण खूप वेळ फेटलं तर जाळं घट्ट होतं आणि केक चिवट होतो. कापल्यावर आत उभे लांबट बोगदे दिसले तर कारण हेच.

म्हणून फेटण्याची मेहनत मैदा घालण्याआधी करायची. लोणी आणि साखर, किंवा अंडी आणि साखर, हवं तेवढं फेटा. त्यातूनच मिश्रणात हवा भरते. मैदा घातल्यावर मात्र कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलक्या हातानं मिसळा. एकाच दिशेनं फिरवायला हवं असं अनेक घरांत सांगितलं जातं. केकला दिशेनं फारसा फरक पडत नाही, किती वेळ फिरवलं यानं पडतो.

मैद्याऐवजी कणीक वापरली आणि बाकी मापं तीच ठेवली तरी केक घट्ट होतो. कणकेतला कोंडा जास्त पाणी शोषतो. दोन-तीन चमचे दूध वाढवून मिश्रण दहा मिनिटं मुरू दिलं तर फरक पडतो. सोडा किंवा इनो मात्र मुरल्यानंतरच घालायचं.

साबणाची चव आणि लाल केक

सोडा आणि बेकिंग पावडर दिसायला सारखी असली तरी एकमेकींची जागा घेत नाहीत. खायचा सोडा आम्लाशिवाय नीट काम करत नाही. दही, ताक, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर यांच्याशी त्याची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड निघतो. आम्ल पुरेसं नसेल तर उरलेल्या सोड्याचं उष्णतेनं सोडियम कार्बोनेट होतं. केकला येणारी साबणासारखी चव त्याची असते.

बेकिंग पावडरमध्ये सोडा, कोरडं आम्ल आणि ओल शोषणारा स्टार्च एकत्र असतात. तिचा इतिहासही एका घरातल्या अडचणीतूनच सुरू होतो. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. त्यांच्यासाठी यीस्टशिवाय फुगणारा पाव करता यावा म्हणून बर्ड यांनी १८४३ मध्ये बेकिंग पावडर बनवली.

आता लाल केक. व्हॅनिला केकला छान पिवळा रंग यावा आणि बाजारचा रंग टाळता यावा म्हणून चिमूटभर हळद घातली जाते. भाजल्यावर केक पिवळा न होता लालसर होतो किंवा त्यावर लाल ठिपके येतात. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं राहतं आणि अल्कलीत लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणामुळे. ढोकळ्यावर कधीकधी दिसणारे लाल ठिपकेही तेच सांगतात. सोडा नीट मिसळला नव्हता किंवा जास्त झाला होता. असा केक बिघडलेला नसतो, फक्त पुढच्या वेळी सोडा मोजून घ्यावा आणि मैद्याबरोबर दोनदा चाळावा.

इनो घातल्यावर फोन आला, तर

बिस्किटांच्या केकमध्ये इनो चालतं कारण त्यात सोडा आणि सायट्रिक ॲसिड दोन्ही असतात. पाणी लागताच दोघांची क्रिया सुरू होते आणि भांड्यात जो फेस दिसतो तोच केक फुगवणारा वायू असतो. म्हणजे घड्याळ त्या क्षणी सुरू झालेलं असतं. इनो घातल्यावर भांड्याला तूप लावायला घेतलं, कढई तापवायला ठेवली किंवा कुणाचा फोन घेतला, तर वायू हवेत निघून जातो आणि केक चपटा राहतो.

इनो किंवा सोडा घालण्याआधी तीन गोष्टी तयार हव्यात. तूप आणि बटर पेपर लावलेलं भांडं, दहा मिनिटं तापलेली कढई किंवा ओव्हन, आणि मोकळे हात. बाजारात मिळणारी बरीचशी बेकिंग पावडर दोन टप्प्यांत काम करते, थोडा वायू ओलाव्यानं आणि बाकीचा उष्णतेनं. म्हणून ती थोडा उशीर सहन करते. इनो तो सहन करत नाही.

कप, वाटी आणि चमचा

घरच्या केकमधली मोठी चूक अनेकदा चमच्याची असते. रेसिपीतला टीस्पून म्हणजे ५ मिलिलिटर आणि टेबलस्पून म्हणजे १५ मिलिलिटर. ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून तर २० मिलिलिटरचा असतो. एक टीस्पून सोड्याऐवजी जेवणाचा मोठा चमचा भरून सोडा पडला की प्रमाण तिप्पट होतं.

कपाचंही तसंच. अमेरिकी कप सुमारे २४० मिलिलिटरचा, आपल्याकडे मिळणारे मापाचे कप बहुधा २५० मिलिलिटरचे, आणि घरातली वाटी कितीचीही. सगळं साहित्य एकाच वाटीनं घेतलं तर प्रमाण टिकतं. मैद्याला कप आणि दुधाला पेला असं केलं की ते बिघडतं. शिवाय मैदा चमच्यानं हलका भरला तर एका कपात साधारण १२० ते १३० ग्रॅम बसतो आणि दाबून भरला तर १५० ग्रॅमच्याही पुढे जातो. चार कपांच्या केकमध्ये हा फरक मोठा होतो. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा हा त्यावरचा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे.

साखरेऐवजी मीठ पडण्याचा किस्सा अनेक कुटुंबांत सांगितला जातो. पिठीसाखर आणि बारीक मीठ दिसायला सारखं असतं आणि कच्चं मिश्रण चाखायचं नसतं म्हणून चूक केक कापल्यावरच कळते. चिमूटभर जिभेवर ठेवून पाहायचं ते मिश्रण करण्याआधी, डब्यातून काढतानाच.

नागपूरच्या मे महिन्यातलं रूम टेंपरेचर

"लोणी रूम टेंपरेचरला आणा" असं परदेशी रेसिपीत लिहिलेलं असतं तेव्हा सुमारे २० अंशांची खोली गृहीत धरलेली असते. मे महिन्यात विदर्भात पारा ४० च्या पुढे असतो आणि लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं. वितळलेलं लोणी साखरेबरोबर फेटलं तर त्यात हवा धरून ठेवली जात नाही. उन्हाळ्यात लोणी फ्रीजमधून काढून बोट दाबल्यावर ठसा उमटेल इतकंच मऊ होऊ द्यावं.

आयसिंग घसरण्याचं कारणही तापमानच. क्रीम फेटून उभं राहायला त्यात साधारण ३० ते ३५ टक्के स्निग्धांश लागतो आणि ते थंड असावं लागतं. दुकानात सहज मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये अनेकदा २५ टक्केच असतो, ते कितीही फेटलं तरी घट्ट होत नाही. पाकिटावरचा आकडा वाचूनच क्रीम घ्यावं. आणि केक पूर्ण गार झाल्याशिवाय त्यावर क्रीम लावू नये. त्याला एक-दोन तास लागतात. म्हणूनच केक आदल्या रात्री भाजून ठेवणं आणि वाढदिवसाच्या दिवशी फक्त सजवणं सोयीचं पडतं. एखादी चूक झालीच तर दुरुस्तीला रात्र हाताशी राहते.

कुकर वापरताना

केक फसला तर हसण्यावारी नेता येतो, कुकरचा अपघात नाही. कुकरमध्ये केक करताना शिट्टी आणि झाकणाची रबरी रिंग दोन्ही काढायला हवीत. त्या तशाच राहिल्या तर मिश्रणातल्या पाण्याची वाफ आत कोंडते, दाब वाढतो आणि कोरड्या उष्णतेनं रबरही खराब होतं.

दुसरा धोका कमी लोकांना माहीत असतो. झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये ठरावीक तापमानाला वितळणारा धातू असतो. कुकर कोरडा तापला की तो वितळू शकतो. मग तोच कुकर दुसऱ्या दिवशी डाळीला लावला जातो. म्हणून केक झाल्यावर व्हॉल्व्ह तपासावा, शंका असेल तर बदलावा. त्याहून बरं म्हणजे कुकर न वापरता जाड बुडाची जुनी कढई किंवा पातेलं घ्यावं, तळाशी मीठ किंवा स्वच्छ वाळू पसरावी, वर स्टँड ठेवून त्यावर केकचं भांडं ठेवावं आणि घट्ट बसणारं झाकण लावावं. नॉनस्टिक कढई या कामाला वापरू नये. तापलेल्या भांड्यावर गार पाणी ओतू नये आणि ते मीठ पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये.

केक कापतानाही एक काळजी घ्यावी. फेसाचे किंवा 'स्नो' नावानं मिळणारे स्प्रे अनेकदा ज्वालाग्राही असतात. मेणबत्त्या पेटलेल्या असताना ते फवारले की भडका उडून चेहरा आणि केस भाजतात. ज्या घरांत आधी औक्षण होतं तिथे निरांजनही जवळ असतं. ज्योत आणि स्प्रे एकत्र येऊच नयेत.

फसलेल्या केकचं काय करायचं?

मध्य कच्चा असेल तर केक पुन्हा आत ठेवून मंद आचेवर शिजवता येतो. तो आता फुगणार नाही, पण खाता येईल. कच्चा भाग तसाच खाऊ नये, कारण कच्च्या अंड्याप्रमाणे कच्च्या मैद्यातही रोगजंतू असू शकतात.

खड्डा पडला असेल तर केक उलटा करून सजवावा किंवा खड्ड्यात फळं आणि क्रीम भरावं. भांड्यातून काढताना तुकडे झाले तर काचेच्या पेल्यात केक, कस्टर्ड आणि आंबा यांचे थर लावले की ट्रायफल होतं. कोरडा केक दुधात साखर विरघळवून भिजवता येतो. चुऱ्यात थोडं क्रीम किंवा जॅम घालून लाडू वळले तर लहान मुलं ते केकपेक्षा आवडीनं खातात. करपलेला तळ गार झाल्यावर सुरीनं कापून काढावा. साखरेऐवजी मीठ पडलेला केक मात्र कशानंच सुधारत नाही.

फसलेले केकच लक्षात का राहतात?

ऑस्ट्रेलियात १९८० मध्ये 'विमेन्स वीकली' या नियतकालिकानं मुलांच्या वाढदिवसाच्या केकचं एक पुस्तक काढलं. आगगाडी, जेलीचा पोहण्याचा तलाव, बटाट्याच्या वेफर्सची चोच असलेलं बदक असे केक त्यात होते. पिढ्यान्‌पिढ्या आईवडिलांनी ते घरी करून पाहिले आणि पुस्तकातल्या फोटोपेक्षा घरचं वाकडं बदकच तिथल्या कुटुंबांच्या आठवणीत राहिलं. 'ब्लूई' या लोकप्रिय कार्टून मालिकेतही बदकाच्या केकवर एक पूर्ण भाग आहे. त्यात बाबा मुलीच्या वाढदिवसासाठी तो केक करताना मेटाकुटीला येतात. २०१८ मध्ये सुरू झालेला 'नेल्ड इट' हा कार्यक्रम तर हौशी लोकांच्या फसलेल्या केकवरच उभा आहे.

विकतचे केक एकसारखे असतात, म्हणून कोणत्या वर्षी कोणता होता ते आठवत नाही. घरचा केक प्रत्येक वेळी वेगळा होतो आणि त्यामागे कुणीतरी दुपारभर राबलेलं असतं, हे मुलांना कळतं. खड्डा दिसला तरी केक आपल्यासाठी केला होता, हेच त्यांच्या लक्षात राहतं.

त्यामुळे "हाताला येत नाही" म्हणून केक सोडून देण्याआधी एक छोटं काम करून पाहावं. रेसिपीखाली चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. भांडं किती इंची, कोणती वाटी, आच किती आणि वेळ किती. केक कसा झाला तेही लिहावं, "मध्ये बसला, दहा मिनिटं आणखी हवी होती" इतकं पुरे. दुसऱ्या वेळी एकच गोष्ट बदलावी. तिसऱ्या-चौथ्या केकपर्यंत त्या घराच्या गॅसची, त्या कढईची आणि त्या वाटीची स्वतःची रेसिपी तयार होते. मोबाईलवरच्या कोणत्याही रेसिपीपेक्षा ती जास्त भरवशाची असते.